पूरग्रस्त गावात मदत नेताना: ट्रक भरण्याआधीपासून शेवटच्या घरापर्यंत

ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी ओसरल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या फाट्यावर आमची गाडी थांबली. रस्त्याकडेला साड्यांचा ढीग भिजत पडला होता. फाटलेल्या, विटलेल्या, काही लग्नातल्या जरीच्या. तिथून दीड किलोमीटर आत, मळ्यातल्या वस्तीवर एक मावशी म्हणाल्या, "सगळं फाट्यावरच संपतंय बघा. इथवर कोण येत न्हाई." अंगावरच्या एकाच साडीवर त्यांचा पाचवा दिवस होता. आमच्या गाडीत होती बिस्किटं आणि बाटलीबंद पाणी. आम्हीही कुणाला न विचारताच निघालो होतो.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी हाच घोटाळा पाहते आहे. गणेश मंडळं, कॉलेजची पोरं, सोसायट्या मनापासून धावतात, पण क्रम उलटा होतो. आधी गाडी भरते, मग गाव शोधलं जातं आणि गरजेची चौकशी सगळ्यात शेवटी, वाटप संपल्यावर होते. माणुसकी, समन्याय, सन्मान, हिशेब हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. ते नेमक्या कोणत्या कामात उतरवायचे, हे मात्र ठरलेलं नसतं. खाली कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्याला धरून एकेक टप्पा लिहिला आहे. चिपळूण असो वा गडचिरोली, नद्या बदलतील, क्रम हाच राहील.

टप्पा १: आपण काय करणार नाही, ते आधी ठरवा

पहिल्या बैठकीत दोन गोष्टी कागदावर लिहा. आपला गट पाण्यातून माणसं काढायला जाणार नाही. आणि आपल्याबरोबर आलेल्या एकाही माणसाचा भार गावावर पडणार नाही.

बचाव हे प्रशिक्षित माणसांचं काम आहे. एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), आपदा मित्र (आपत्तीच्या कामासाठी सरकारने प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक), स्थानिक बचाव पथकं ते करतात. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पोहता येतं म्हणून पुराच्या ओढीत उतरू नका. कुणी अडकल्याचं कळलं तर जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर किंवा ११२ वर कळवा. गाव, वस्ती, माणसं किती, त्यात आजारी कोण, एवढं एका दमात सांगता येईल असं लिहून ठेवा.

गट दहा-बारा जणांचाच ठेवा. कामं वाटून द्या: एक प्रमुख, एक यादीवाला, एक हिशेबनीस, एक गाडी आणि सामान सांभाळणारा, एक जण आपल्याच माणसांच्या तब्येतीकडे बघणारा. निदान दोन बायका हव्यातच. पुरुषाला कोणती बाई आपली पाळी आली आहे हे सांगणार? आपलं जेवण, पाणी, अंथरूण, गमबूट, हातमोजे आपण न्यायचे. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी.

तपासा: प्रमुखाने "परत फिरा" म्हटलं तर वाद न घालता परत फिरायचं, हे प्रत्येकाने मान्य केलं आहे का? एकानेही का-कू केली तर त्याला सामान बांधायच्या कामावर घरीच ठेवा.

टप्पा २: पाणी कुठल्या अवस्थेत आहे ते बघा

मदतीची वस्तू पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. २०१९ मध्ये दोन्हीकडे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. कोयना, राधानगरी, वारणा धरणांतून किती विसर्ग चालू आहे हेही रोज बघत जा. आज सोडलेलं पाणी गावात पोचायला वेळ लागतो, म्हणून ऊन पडलं तरी पातळी चढतीच असू शकते.

पाणी चढत असताना बाहेरच्या गटाने निघूच नये. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि मालाच्या गाड्या अडकून पडल्या. त्या रांगेत आपली एक गाडी वाढवून काही साधत नाही.

लोक निवारा केंद्रात, म्हणजे शाळेत, मंगल कार्यालयात, साखर कारखान्याच्या आवारात असतात तेव्हा शिजलेलं अन्न बहुतेक ठिकाणी स्थानिक लोकच पुरवतात, आणि उत्तम पुरवतात. तिथे तुटवडा असतो चटया, चादरी, सॅनिटरी पॅड, बाळांचे लंगोट, बीपी-शुगरच्या गोळ्या, मोबाइल चार्जिंगचे बोर्ड, आणि सगळ्यात जास्त संडासांचा. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांप्रमाणे वीस माणसांमागे एक संडास आणि माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं. दोनशे माणसांच्या शाळेत तीन संडास दिसले, तर तुमच्या पैशाने फिरते संडास आणि पाण्याचा टँकर मागवणं हे पाचशे ब्लँकेटांपेक्षा मोठं काम आहे.

पाणी ओसरल्यावर कॅमेरे जातात आणि खरी माणसं तेव्हा लागतात. दहा जणांच्या गटाने जायची वेळ हीच.

टप्पा ३: आधी दोघं जण पाहणीला पाठवा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. दोघं जण मोटरसायकलवरून आधी जाऊन आले की अर्ध्या चुका टळतात.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांना भेटा. त्यांच्याकडे पूरबाधित घरांची कच्ची यादी असते. गावात आणखी कोणकोणत्या गाड्या येऊन गेल्या आणि त्यांनी काय दिलं, हेही विचारा. पण तिथेच थांबू नका. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना घरन् घर माहीत असतं. कोण बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळलं आहे, कुणाचं औषध वाहून गेलं, हे त्या उभ्या उभ्या सांगतात. बचत गटाच्या अध्यक्षांनाही भेटा.

मग चालत गावाच्या शेवटच्या टोकाला जा. नदीकडची आळी, गावकुसाबाहेरची वस्ती, मळ्यातली घरं. या पट्ट्यात पूर बहुतेक सगळ्यात आधी शिरतो आणि सगळ्यात उशिरा निघतो. मदत पोचते मात्र उलट्या क्रमाने: डांबरी रस्त्यालगतच्या घरांना तीन वेळा, टोकाला एकदाही नाही.

प्रश्न साधे ठेवा. "काय पाहिजे?" असं विचारलंत तर माणसं संकोचून "काय बी द्या" म्हणतात. त्याऐवजी विचारा: काल रात्री स्वयंपाक कशावर झाला? पाणी कुठून भरता? झोपलात कुठे? जनावरं कुठे बांधलीत, वैरण किती दिवसांची आहे? कुणाची गोळी चुकली का? उत्तरं जशीच्या तशी लिहा.

इशारा: पाहणीच्या वेळी कोणतंही वचन देऊ नका. "उद्या घेऊन येतो" हे वाक्य ऐकून माणूस रोजगार बुडवून दुसऱ्या दिवशी घरी थांबतो.

टप्पा ४: यादी आणि अग्रक्रम

निःपक्षपात हे तत्त्व याच कागदावर जगतं किंवा मरतं. रेड क्रॉसच्या सात मूलतत्त्वांमध्ये त्याचा अर्थ सरळ दिला आहे: मदत गरजेवरून ठरते, आणि ज्याची निकड मोठी त्याचा नंबर आधी. जात, धर्म, पक्ष, भावकी, आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्याची सासुरवाडी, यातलं काहीही मध्ये येता कामा नये. सगळ्यांना सारखं वाटणं म्हणजे न्याय, असं पुष्कळांना वाटतं. दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर सामान वाचवलेल्या कुटुंबाला आणि मातीच्या भिंती बसलेल्या कुटुंबाला एकच किट देणं, यात न्याय कुठला?

आम्ही यादीत चार रकाने ठेवतो: घरात पाणी किती फूट चढलं, भिंती उभ्या आहेत का, कमावता हात कोण, आणि घरात विशेष काळजीचं कोण (लहान मूल, गरोदर किंवा बाळंतीण, म्हातारं एकटं माणूस, अपंग, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेला रुग्ण). यावरून आधी, नंतर आणि शेवटी असे तीन गट पडतात. गट पाडताना गावातली निदान तीन वेगवेगळ्या आळ्यांतली माणसं बरोबर बसवा, त्यात बाई असू द्या.

कोण सुटतं ते ध्यानात ठेवा. भाडेकरू हमखास सुटतात. घरमालकाचं नाव यादीत असतं, वाहून गेलेला संसार भाडेकरूचा असतो. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांचं रेशनकार्ड गावी असतं, म्हणून स्थानिक यादीत ते दिसतच नाहीत. एकट्या राहणाऱ्या बायका, पालं टाकून राहणारे लोक, मुलाच्या कार्डावर नाव असलेले वेगळ्या खोलीतले आईवडील, यांची नावं विचारून विचारून काढावी लागतात.

तपासा: यादीतली पाच घरं डोळे मिटून निवडा आणि प्रत्यक्ष जाऊन बघा. दोन ठिकाणी माहिती चुकली तर यादी पुन्हा करा. गाडी एक दिवस उशिरा गेली तरी चालेल.

टप्पा ५: पैसे आणि वस्तू

आवाहन करताना मोघम बोलू नका. "पूरग्रस्तांसाठी मदत पाठवा" म्हटलं की घरातलं नकोसं सगळं दारात येऊन पडतं. "अमुक गावातल्या १४० घरांसाठी प्रत्येकी एक बादली, खराटा, फिनेल आणि दोन चटया" असं म्हटलं की तेवढंच येतं.

शक्य तितके पैसे घ्या आणि खरेदी पुराच्या जवळच्या, पण पुरात न सापडलेल्या बाजारपेठेत करा. वाहतूक वाचते आणि पुराने बसलेला तिथला व्यापारही हलतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. ती घ्या, किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावरच पैसे येऊ द्या. एखाद्या कार्यकर्त्याचा क्यूआर कोड फिरवू नका. तो माणूस कितीही सचोटीचा असला तरी पुढे सहा महिने त्याला उत्तरं देत बसावं लागतं.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, कायद्याने विदेशी योगदान ठरते. एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेने ती घेऊ नये. भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम त्यात मोडत नाही. पैसे निघण्याआधी दोन्ही बाजूंनी हे विचारून घ्यावं.

वस्तूंबद्दल थोडक्यात. जुने कपडे घेऊ नका. द्यायचे तर नवे: साडी दिली तर परकर आणि ब्लाउजसह, बायकांचे गाऊन, सगळ्यांची अंतर्वस्त्रं, मुलांचे वयाप्रमाणे कपडे. किटमध्ये काडेपेटी, मेणबत्ती, साबण आणि तिखट-मीठ असू द्या. नुसता पाच किलो तांदूळ ओल्या चुलीसमोर उपयोगाचा नाही. गावाची भाकरी ज्वारीची असेल तर गव्हाचं पीठ का न्यायचं? औषधं डॉक्टर बरोबर असेल तरच. लेप्टोच्या (पुराच्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) भीतीने डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटणारे मी पाहिले आहेत. गरोदर बाई आणि लहान मुलांना ती गोळी डॉक्टरने पाहिल्याशिवाय चालत नाही.

आणि वैरण. या पट्ट्यात घराचा रोजचा पैसा म्हशीच्या दुधातून येतो. माणसाला शिधा मिळाला आणि दावणीला वैरण नाही, तर तो माणूस जेवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुका कडबा, उसाचं वाढं, पेंड न्या. भिजून बुरशी आलेली वैरण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

टप्पा ६: वाटप

आदल्या संध्याकाळी यादीप्रमाणे घरोघर कुपन द्या. त्यावर कुटुंबप्रमुखाचं नाव, सदस्यसंख्या, उद्याची वेळ. एका तासाला तीसच घरं बोलवा. मळ्यातली वस्ती, म्हातारी आणि आजारी माणसं यांच्याकडे सामान आपण पोचवायचं.

वाटपाची जागा निवडताना ती कुणा पुढाऱ्याच्या दारात किंवा पक्षाच्या फलकाखाली नको. शाळा बरी. देवळाच्या पायरीवर काही घरांचा पाय अडखळतो, मशिदीच्या आवारात इतरांचा. कुटुंबातली बाई घ्यायला आली तर "मालकांना पाठवा" म्हणू नका.

चालत्या ट्रकमधून पुडे फेकणं हा गुन्हा समजा. जवान पोरं झेलतात, म्हाताऱ्या चेंगरतात. गर्दी झाली तर गाडीची मागची फळी बंद करा, गाडी पुढे काढा आणि सरपंचांशी बोलून नव्याने सुरुवात करा.

फोटोबद्दल आमचा नियम कडक आहे. हिशेबासाठी सामानाचे आणि कुपनांच्या गठ्ठ्याचे फोटो काढायचे. हात पसरलेल्या माणसाचा फोटो नाही, मुलांचा तर नाहीच. एका गावात एक आजोबा किट घ्यायला तोंडावर पंचा ओढून आले होते. ऊस पिकवणारा माणूस, उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोराला मी तो खाली घ्यायला सांगितला, तेव्हा कुठे आजोबांनी पंचा सोडला आणि कुपन पुढे केलं.

इशारा: देणाऱ्याचं नाव छापलेल्या पिशव्या, धर्मप्रचाराची पत्रकं, सदस्यनोंदणीचे अर्ज यांना किटमध्ये जागा नाही. देणगीदाराने तशी अट घातली तर देणगी परत करा.

टप्पा ७: घर धुण्याचा क्रम

उत्साहाच्या भरात इथे सगळ्यात महागडी चूक होते. कार्यकर्ते फावडी घेऊन घरात शिरतात, तासाभरात घर लख्ख करतात आणि पंचनाम्याला पुरावाच उरत नाही. म्हणून:

१. आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, फ्रीज, गादी, पडलेली भिंत. घरमालकाच्याच मोबाइलवर काढा. मेलेल्या जनावराचा कानातला बिल्ला दिसेल असा फोटो घ्या, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय ते पुरू नका. पंचनामा बाकी असेल तर तलाठ्यांना विचारूनच पुढे जा.

२. मग वीज. मेन स्विच बंद आहे याची खात्री करा. स्विच ओला असेल किंवा उभं राहायची जागा ओली असेल तर हात लावू नका, महावितरणच्या माणसाला बोलवा.

३. मग साप-विंचू. लांब काठीने कोपरे, गाद्यांचा ढीग, चुलीमागची जागा हलवून बघा. साप दिसला तर मारायला धावू नका, सर्पमित्राला बोलवा. दंश झाला तर थेट रुग्णालय, १०८.

४. मग कागद. रेशनकार्ड, आधार, सातबारा, बँकेची पुस्तकं, मुलांचे दाखले चिखलात असतात. गाळाबरोबर फेकले जाण्याआधी शोधा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्यात हलवून सावलीत सुकवा.

५. मग गाळ. ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. खोरं, घमेली, वायपर, आणि पाणी मारायला पंप. मातीची भिंत फुगलेली दिसली तर त्या खोलीत शिरायचं नाही.

काय टाकायचं, हे घरच्या बाईला विचारा. आपल्याला कचरा वाटतो तो तिचा संसार असतो.

६. शेवटी जंतुनाशक. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

विहिरीचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर करा. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, नेहमीचं प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायला सोपा हिशेब: व्यास (मीटर) गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटर), आलेल्या आकड्याला ७८५ ने गुणा, लिटर मिळतील. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी असेल तर ६२,८०० लिटर, म्हणजे ३१४ ग्रॅम टीसीएल. पावडर बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं नितळ पाणी विहिरीत सोडा. पुराचं गढूळ पाणी शिरलेल्या विहिरीला हे प्रमाण पुरत नाही. आधी उपसा करावा लागतो, आणि नंतर किती टीसीएल टाकायचं ते आरोग्य कर्मचारी ठरवतात. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघण्याची चाचणी, घ्या. पाण्याला पिवळसर रंग आला नाही तर ते पाणी पिऊ देऊ नका.

तपासा: संध्याकाळी आपल्या प्रत्येक माणसाचे पाय बघा. चिरा, जखमा, सुजलेली बोटं. जखम असलेल्याला उद्या चिखलात उतरवायचं नाही. आठवड्याभरात ताप आला तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.

टप्पा ८: हिशेब लावा, आणि पुन्हा जा

निघण्याआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर साधा कागद चिकटवा: किती जमा, किती खर्च, किती घरांना काय दिलं, किती शिल्लक, तक्रार असेल तर कुणाला फोन करायचा. घरांची नावं त्यावर लिहू नका, कुणाला काय मिळालं याची चर्चा गावात नको. तोच कागद देणगीदारांना पाठवा. तक्रारीचा फोन खरंच येतो. आम्हाला एकदा आला, "आमच्या आळीत दोन घरं सुटली" म्हणून. बघितलं तर खरंच सुटली होती.

पहिल्या फेरीला सगळे पैसे संपवू नका. निदान तिसरा हिस्सा मागे ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी ज्या दोघांनी पाहणी केली होती त्यांनाच पुन्हा पाठवा. तोवर गाड्या थांबलेल्या असतात. पोरांची दप्तरं गेलेली असतात, शिलाई मशीन गंजलेली असते, पंचनाम्यात नाव आलं नाही म्हणून कुणी तहसील कचेरीच्या खेपा घालत असतं. आमचा राखून ठेवलेला पैसा २०१९ च्या सप्टेंबरात अकरा शिलाई मशीनच्या दुरुस्तीत गेला. कारागीर जवळच्याच गावातला होता. तो शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस बसला, आणि बायका आपापली मशीन डोक्यावर घेऊन येत होत्या.